इंग्रजीचा तास, एक फोन आणि सत्तावीस आवाज



इंग्रजीच्या तासाला तंत्रज्ञान वापरायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी भिंतीवरचा टीव्ही येतो. 2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतर गावोगावी लोकवर्गणी जमली. कुणी प्रोजेक्टर दिला, कुणी एलईडी टीव्ही दिला, शाळेच्या फाटकावर 'डिजिटल शाळा' अशी पाटी लागली. आमच्याही शाळेला लागली. वर्गणी देणाऱ्यांत दरवर्षी ऊस तोडायला जाणारी माणसंही होती. त्यांच्या पैशातून मुलांच्या तोंडी नेमकं काय आलं, हा प्रश्न मला त्यामुळेच सतत पडत असतो.

मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पाचवीला शिकवते. टीव्हीवर इंग्रजी कविता लावली की सगळा वर्ग ठेक्यात म्हणतो, हातवारे करतो, आलेले पाहुणे खूश होऊन जातात. त्यातल्याच एखाद्या मुलाला नंतर बाजूला घेऊन विचारून बघा, "व्हॉट डिड यू ईट टुडे?" तो जमिनीकडे बघतो. आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे हे मूल चार वर्षं इंग्रजी शिकून पाचवीत आलेलं असतं. चार वर्षांनंतरही 'मी भाकरी खाल्ली' एवढं सांगता येत नसेल, तर ते मूल ढ आहे असं कृपा करून समजू नका. त्याला ते सांगायची वेळच कधी आलेली नाही.

साधा हिशोब करू. माझ्या वर्गात सत्तावीस मुलं, तास पस्तीस मिनिटांचा. मी पूर्ण तासभर एक अक्षर बोलले नाही आणि मुलंच पाळीपाळीनं बोलली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा मिनिट येतं. प्रत्यक्षात मी बोलतेच. फळ्यावर लिहिते, वह्या तपासते, मधल्या आळीतलं भांडण सोडवते. म्हणजे हुशार चार मुलं बोलतात आणि बाकीची ऐकल्यासारखं करतात. वर्गात एक तोंड आधीच आहे, ते माझं. टीव्ही आणला की दोन तोंडं झाली. कमी पडतात ते कान. मुलांचं ऐकून घेणारं कुणीतरी हवं असतं, आणि माझ्या अनुभवात ते काम साधा फोन टीव्हीपेक्षा कितीतरी चांगलं करतो.

आपल्यातल्या जुन्या शिक्षकांना आकाशवाणीवरचा 'वुई लर्न इंग्लिश' आठवत असेल. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेनं तयार केलेला तो कार्यक्रम. त्यात चित्र नव्हतं, रंग नव्हते. पण रेडिओतला आवाज काहीतरी विचारायचा आणि मुलांना बोलायला जागा सोडायचा. ती दोन-चार सेकंदांची रिकामी जागा म्हणजेच खरा पाठ होता. आजच्या चकचकीत व्हिडिओत नेमकी तीच जागा नसते. मूल तोंड उघडेपर्यंत पुढचं चित्र आलेलं असतं.

म्हणून व्हिडिओ दाखवायचाच असेल तर मी आधी आवाज बंद करून दाखवते. "हू इज धिस? व्हॉट इज शी डुइंग?" मुलं अंदाज बांधतात, चुकतात, एकमेकांना खोडतात. मग आवाज लावून दाखवते, आणि मध्ये तीनदा थांबवते. तीन मिनिटांच्या गोष्टीला वीस मिनिटं लागतात. एका सहकाऱ्यांनी विचारलं, "मॅडम, अशानं अभ्यासक्रम कसा संपणार?" प्रश्न रास्त आहे. पण अभ्यासक्रम मी संपवायचा आणि भाषा मुलांना यायची, या दोन गोष्टींमध्ये निवड करायची वेळ आली तर मी दुसरी निवडते.

आता फोनचं सांगते. कुठलंही ॲप लागत नाही, इंटरनेट लागत नाही. फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करायची सोय असते तेवढी पुरे. आठवड्याला एक परिच्छेद असतो, पाच-सहा ओळींचा. सहा-सात मुलांचा एक गट, असे चार गट. एक गट फोन घेऊन व्हरांड्यात जातो, बाकीचे वर्गात लिहीत असतात. प्रत्येकानं वाचायचं, लगेच ऐकायचं, आवडलं नाही तर पुसून पुन्हा वाचायचं. कितीही वेळा. मी तिथे नसते, आणि मी नसणं हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे.

पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून मुलं दचकतात. "हा माझा आवाज न्हाई," असं एक मुलगा ठासून म्हणाला होता. मग हसतात. मग तिसऱ्या-चौथ्या खेपेला ऐकायला लागतात. एक मुलगी 'द' आणि पुढचा शब्द यांच्यामध्ये नेहमी थांबायची, द... बॉय, द... ट्री. मी तिला हे वर्षभर सांगितलं असतं तरी तिनं मान डोलवली असती. स्वतःच्या कानानं ऐकल्यावर तिनं एका दुपारी अकरा वेळा रेकॉर्ड केलं. अकरा वेळा तिला वाचायला लावायची माझी हिंमत झाली नसती, आणि चारचौघांत अकरा वेळा वाचायची तिचीही नाही.

फोनच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं, बोललेलं टाइप करणारं. त्याचा आम्ही खेळ करतो. याला मात्र बहुतेक फोनवर इंटरनेट लागतं. फळ्यावर शब्दांच्या जोड्या लिहायच्या, शिप आणि शीप, पेन आणि पॅन, ट्री आणि थ्री. मुलानं एक शब्द बोलायचा आणि फोननं काय लिहिलं ते बघायचं. शिप-शीपला आमची मुलं हमखास अडकतात. कारण गमतीचं आहे. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिताना पाळतो, शुद्धलेखनाचे गुण कापतो, पण रोजच्या बोलण्यात 'इ' आणि 'ई' यांतला फरक फारसा जपत नाही. त्यामुळे मुलाच्या कानाला जहाज आणि मेंढी सारखीच. फोननं चारदा मेंढी लिहिल्यावर मुलगा वैतागून ओठ आखडतो, आवाज तोकडा करतो आणि जहाज उमटतं. सगळा व्हरांडा टाळ्या वाजवतो. तरीही हा खेळच ठेवा, परीक्षा करू नका. गोंगाटात फोन चुकतो, लहान मुलांच्या आवाजाला चुकतो, आपल्या बोलण्याच्या ढबीला चुकतो. मुलगा बरोबर बोलला आणि यंत्रानं चुकीचं लिहिलं, तर मुलाच्या बाजूनं उभं राहायला तिथे शिक्षक हवा. आपल्या मुलांनी इंग्लंडातल्यासारखं बोलावं अशी माझी अपेक्षा नाही. समोरच्याला कळेल असं बोलावं आणि न घाबरता बोलावं, एवढंच.

एक जाता जाता. पुस्तकातल्या इंग्रजी शब्दावर पेन्सिलीनं मराठीत उच्चार लिहायची सवय सगळीकडे आहे, आणि त्यावर चिडणारे शिक्षकही. मी चिडत नाही. पण आधी डिजिटल शब्दकोशातलं स्पीकरचं चिन्ह दाबून शब्द ऐकायचा आणि मग लिहायचा, असा नियम केला आहे. तेव्हा 'वेडनेसडे' लिहिणारा हात 'वेन्झडे' लिहितो. 'वॉल्क'मधला 'ल' गळतो. त्यांचं त्यांनाच नवल वाटतं की जे ऐकू येत नाही ते हे लोक लिहितात तरी कशाला!

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले तिच्याकडे येते.

दिवाळी झाली की आमच्या भागातली गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ट्रक येतो, बायाबापे पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्याकडे निघतात ते मार्च-एप्रिलला परततात. काही मुलं आजीजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात. ज्यांना मागे ठेवायला कुणी नसतं किंवा ज्यांच्यावर धाकट्या भावंडाला सांभाळायची जबाबदारी असते, ती सोबत जातात. त्यांच्याजवळ शिक्षण हमी कार्ड असतं. तिकडच्या शाळेनं ते बघून मुलाला बसवून घ्यायचं असतं. पण फडापासून शाळा किती लांब आहे, आई पहाटे चारला उठून गेल्यावर धाकट्याला कुणी बघायचं, हे कार्डावर लिहिलेलं नसतं. अशी मुलं एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा शेवटच्या बाकावर बसतात. आपली जागा तीच आहे असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलेलं असतं.

माझ्या वर्गातून एका वर्षी तीन मुलं गेली. त्यांतली एक मुलगी वाचायला बरी होती, बोलायला मात्र अगदीच मुकी. जाताना तिच्या आईचा नंबर घेतला आणि सांगितलं, मी रोज एक आवाज पाठवीन, जमेल तेव्हा ऐक, जमेल तेव्हा उत्तर दे. व्हॉट्सॲपचा साधा आवाजी निरोप, मिनिटभराचा. पहिले आठ दिवस काहीच नाही. नवव्या दिवशी रात्री साडेआठला निरोप आला. मागे बैलाच्या गळ्यातल्या घंट्या, कुणाचं तरी ओरडणं, आणि मध्ये तिचा बारीक आवाज: "गुड इव्हिनिंग मॅडम. धिस इज अवर कोपी."

कोपी म्हणजे पाचट आणि बांबूची खोपट, त्यांचं सहा महिन्यांचं घर.

दुसऱ्या दिवशी तो निरोप मी स्पीकर जोडून वर्गाला ऐकवला. ऐकवण्याआधी तिची आणि तिच्या आईची परवानगी घेतली होती. मुलांचे आवाज आणि चेहरे स्टेटसला लावायची जी सवय आपल्या शिक्षकांमध्ये बोकाळली आहे, ती मला मुळीच पसंत नाही. वर्ग एकदम शांत झाला. मग प्रश्नांची नुसती झुंबड. कोपीला दार असतं का? नदी किती लांब आहे? कुत्रा आहे का? मी म्हटलं, तिलाच विचारा, पण इंग्रजीत. मग सुरू झाली जुळवाजुळव. "हाऊ फार इज द रिव्हर?" "डू यू हॅव अ डॉग?" "हू कुक्स?"

इथे शिक्षक मित्रांनो, एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. वर्गात आपण पेन उंच धरून विचारतो, "व्हॉट इज धिस?" विचारणाऱ्याला माहीत असतं, सांगणाऱ्याला माहीत असतं, बाकीच्या पंचवीस जणांनाही माहीत असतं की ते पेन आहे. असा प्रश्न घरी कुणी कुणाला विचारतं का? नदी किती लांब आहे हे मात्र वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या मुलांनी इंग्रजीत विचारलेला तो पहिला खरा प्रश्न. आणि उत्तर ज्या मुलीकडे होतं, ती शेवटच्या बाकावरची होती.

पुढचे चार महिने हे चाललं. रोज नाही. फोन दिवसा वडिलांकडे असायचा, मुकादमाचा कॉल कधी येईल सांगता येत नाही. रेंज रस्त्यावर गेल्यावर मिळायची. पण आठवड्याला दोन-तीन निरोप यायचे. "माय मदर कट शुगरकेन." मी चूक दाखवत बसायचे नाही. उत्तरात विचारायचे, "ओह, युवर मदर कट्स शुगरकेन! हाऊ मेनी बंडल्स?" चार-सहा वेळा असा शब्द कानावर पडल्यावर फेब्रुवारीत कधीतरी 'कट्स' आपोआप आलं. "माय ब्रदर स्लीप्स इन द झोळी" हे वाक्य आलं त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवत फिरले. अर्थात तेही विचारूनच.

कोयत्यावरून वर्गात मोठीच चर्चा झाली. कोयत्याला इंग्रजीत काय म्हणायचं? ऑनलाइन शब्दकोशानं 'सिकल' असं दिलं. चित्र काढून बघितलं तर तो विळा. मुलं खवळली. "मॅडम, विळ्यानं कधी ऊस तुटतो का?" त्यांचे आईबाप कोयता चालवतात, त्यांना फरक कोण सांगणार! शेवटी वर्गानं ठरवलं की इंग्रजीतही कोयताच म्हणायचं. 'साडी' इंग्रजीत साडीच राहते ना, मग कोयत्यानं काय घोडं मारलंय? असं वाक्य तयार झालं: "माय फादर शार्पन्स हिज कोयता एव्हरी मॉर्निंग." हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही, आणि वर्षभरात आम्ही केलेलं सगळ्यात चांगलं इंग्रजी वाक्य माझ्या मते हेच आहे.

तिच्या आईनं एकदा मधूनच निरोप पाठवला होता. "मॅडम, पोरगी रातच्याला फोन सोडंना. काय बोलती मला कळंना, पर ऐकत बसती मी."

बाकीच्या दोघांचं काय, असं तुम्ही विचाराल. एकाच्या वडिलांच्या फोनचा रिचार्ज डिसेंबरात संपला तो पुन्हा झाला नाही. दुसऱ्याचा नंबरच बदलला. माझे निरोप एका खुणेवर अडकून राहिले, दुसरी खूण उमटलीच नाही. आणि ती मुलगीसुद्धा एप्रिलमध्ये आली तेव्हा भागाकारात बरीच मागे पडली होती. ते फोननं भरून निघालं नाही, मे महिन्यात तिला समोर बसवूनच करावं लागलं. पण पहिल्याच दिवशी पोरांनी तिला घेरून कुत्र्याचं पुढे काय झालं ते विचारलं, आणि तिनं सांगितलं, निम्मं इंग्रजीत, निम्मं मराठीत. भूतकाळाची रूपं सगळी चुकत होती. ती दुसऱ्या बाकावर बसली.

पालकहो, तुमच्यासाठी दोन शब्द. कोरोनात 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हापासून मुलांच्या हाती फोन आला, आणि तो काढून कसा घ्यायचा ही तुमची आजची चिंता आहे. ती खोटी नाही. माझं म्हणणं एवढंच की फोन मुलाच्या एकट्याच्या हाती देऊ नका. दहा मिनिटं तुमच्यासमोर, तुमच्या हातात. मुलानं पुस्तकातलं पान वाचायचं, तुम्ही रेकॉर्ड करायचं, दोघांनी ऐकायचं. 'आम्हाला इंग्रजी येत नाही' ही अडचण समजू नका. वरच्या माउलीला कुठे येत होतं? ज्यांच्याकडे बरा फोन आहे त्यांनी गुगलचं 'रीड अलाँग' बघायला हरकत नाही. 2019 मध्ये ते 'बोलो' नावानं आलं होतं. मूल मोठ्यानं वाचतं, ॲप ऐकतं आणि अडलेला शब्द म्हणून दाखवतं. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की नेट नसतानाही चालतं.

आणि हल्ली जे चाललंय तेही सांगते. 'माय मदर' असा निबंध द्या, दुसऱ्या दिवशी असं सफाईदार इंग्रजी येतं की मलाही दोन शब्द शोधावे लागतात. दादाच्या फोनमधल्या एआयनं लिहिलेलं असतं. मी रागावत नाही. वही मिटायला सांगते आणि म्हणते, आता आईबद्दल तीन वाक्यं तोंडानं सांग. तीन वाक्यं आली तर निबंध कुणीही लिहिलेला असो. बहुतेक वेळा येत नाहीत. मग मूल घरी जाऊन आईला नीट बघतं आणि 'माय मदर कट्स शुगरकेन'च्या जातीचं काहीतरी घेऊन येतं. ते मी वहीत लिहायला लावते. इंग्रजी शाळेत घालावं का, असं मला विचारायला येणाऱ्या पालकांना मी त्यातल्याच दोन-चार वह्या हातात देते.

यंदा पाचवीतली चार मुलं जाणार आहेत. रिचार्ज संपला तरी चालावं म्हणून या खेपेला मेमरी कार्डं घेतली आहेत. त्यावर मागच्या वर्षीच्या मुलांच्या आवाजात पाठ्यपुस्तकातले धडे भरतोय, प्रत्येक प्रश्नानंतर उत्तराला थोडी जागा सोडून. प्रत्येकाच्या घरचे दोन-दोन नंबर वहीत लिहून घेतले आहेत, शिवाय मुकादमाचाही. कोयत्याचा धडा कुणाच्या आवाजात घ्यायचा, यावर वर्गात अजून एकमत झालेलं नाही.